ओपन सोर्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तुमच्यापर्यंत पोहोचते कशी? आणि वाटेत कुणी विष कालवलं तर?

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनीअर अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. त्यासाठी कॉम्प्युटर शक्य तितका शांत हवा होता. पण दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच हा प्रोग्रॅम विनाकारण प्रोसेसर वापरत होता. ज्या लॉगिनला एरवी साधारण ०.३ सेकंद लागायचे, त्याला ०.८ सेकंद लागत होते.

या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचले. फाइली दाबून लहान करणं एवढंच त्याचं काम. त्याच्या ताज्या आवृत्तीत कुणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता. विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असलेल्या माणसाला त्यातून पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले.

जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. तरीही त्यातल्या बहुतेकांपर्यंत ही विषारी आवृत्ती पोहोचलीच नव्हती. याचं श्रेय फ्रॉइंड यांच्या चिकाटीला आहेच. पण सॉफ्टवेअर लिहिणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये जी संथ, कंटाळवाणी वाटणारी साखळी असते, तिलाही आहे. ही साखळी नेमकी चालते कशी?

सोर्स कोड आणि रिलीज यात फरक काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला असतो. तो बहुतेक वेळा 'गिट' या प्रणालीत ठेवलेला असतो. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिथे राहते. या कोडमध्ये दिवसाला एक बदल होऊ शकतो किंवा शंभर. त्यातले काही अर्धवट असतात, काही चुकीचे.

म्हणून ठरावीक टप्प्यावर प्रकल्पाची मंडळी एक रेघ ओढतात आणि जाहीर करतात, 'इथपर्यंतचं काम वापरण्याजोगं आहे.' हीच रिलीज. त्या क्षणाच्या कोडवर गिटमध्ये खूण केली जाते, तिला टॅग म्हणतात. सोबत काय बदललं याची यादी येते. अनेक प्रकल्प त्या कोडची एक गाठोडीवजा फाइल बनवतात, तिला टारबॉल म्हणतात. ही फाइल आपणच बनवली आहे हे सिद्ध करण्यासाठी जबाबदार व्यक्ती तिच्यावर डिजिटल सही करते.

मोठ्या प्रकल्पांत रेघ ओढण्याआधी तालीम होते. लिनक्स कर्नलचंच उदाहरण घ्या. नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं की पहिले दोन आठवडे नवे बदल घेतले जातात. मग दार बंद. पुढचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या होतात आणि साधारण दर रविवारी एक 'रिलीज कँडिडेट' म्हणजे उमेदवार आवृत्ती बाहेर पडते. चूक सापडण्याचं प्रमाण कमी झालं की अंतिम आवृत्ती येते. नऊ-दहा आठवड्यांचं हे चक्र वर्षानुवर्षं सुरू आहे.

५.६.१ या आकड्यांचा अर्थ काय?

आवृत्तीचे आकडे बहुतेक वेळा तीन भागांत असतात. पहिला आकडा बदलला तर मोठा बदल झाला आणि जुन्या गोष्टी चालतीलच याची खात्री नाही. दुसरा बदलला तर नव्या सोयी आल्या, जुनं शाबूत आहे. तिसरा बदलला तर फक्त दुरुस्त्या झाल्या. 'सिमँटिक व्हर्जनिंग' नावाने ही पद्धत लिहून काढलेली आहे, पण ती पाळण्याची सक्ती कुणावरच नाही.

उबंटूचा हिशेब वेगळा. तिथला आकडा म्हणजे थेट तारीख. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. पहिली उबंटू ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१०.

आकड्यांचा घोळ कधी कधी महागात पडतो. १९९५ च्या डिसेंबरमध्ये सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, चाचणीतली आवृत्ती 'डेबियन १.०' म्हणून बाजारात आणली. खरी १.० तेव्हा तयारच नव्हती. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून डेबियनने तो क्रमांकच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ जाहीर केली. त्यामुळे अधिकृत 'डेबियन १.०' आजतागायत अस्तित्वात नाही.

मग मध्ये डिस्ट्रिब्युशन कशाला?

शेतकऱ्याने धान्य पिकवलं म्हणजे ते थेट ताटात येत नाही. ते निवडावं, पाखडावं लागतं, वजन करून पिशवीत भरावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये हे काम डिस्ट्रिब्युशन म्हणजे वितरण करतं. डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च ही त्यातली ठळक नावं. मूळ प्रकल्पाला यांच्या भाषेत 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडचा.

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांच्या जोडातून 'डेबियन' हे नाव तयार झालं. आज हा प्रकल्प जगभरातले स्वयंसेवक चालवतात. त्यांची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात, कोचीला झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. मराठी नीट दिसण्यासाठी लागणारा लोहित देवनागरी हा फाँटही त्यातलंच एक पॅकेज.

पॅकेजच्या आत काय असतं?

पॅकेज म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅम आणि त्याची कुंडली. नाव, आवृत्ती, तो कोण सांभाळतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला चालण्यासाठी आणखी काय काय लागतं, ही माहिती त्यात असते. या गरजांना डिपेंडन्सी म्हणतात. एका प्रोग्रॅमला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. ही गुंतागुंत ॲप्टसारखे पॅकेज मॅनेजर सोडवतात. वापरकर्ता फक्त हव्या त्या प्रोग्रॅमचं नाव सांगतो.

पॅकेज बनवणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. अपस्ट्रीमची रिलीज आणणं, आपल्या वितरणात ती बसते का हे पाहणं, गरज असेल तर 'पॅच' म्हणजे छोटी दुरुस्ती लावणं, परवाना तपासणं आणि लोकांच्या तक्रारी मूळ लेखकापर्यंत पोहोचवणं ही त्याची कामं. डेबियन १२ मध्ये एक्सझेडची आवृत्ती ५.४.१-०.२ होती. त्यातला ५.४.१ हा भाग मूळ प्रकल्पाचा, तर जोडरेघेनंतरचा ०.२ हा डेबियनने पॅकेजवर केलेल्या कामाचा क्रमांक.

तयार पॅकेजेस जगभरातल्या अनेक सर्व्हरवर ठेवली जातात. त्यातला कोणता सर्व्हर प्रामाणिक आहे हे वापरकर्त्याला माहीत असण्याची गरज नसते. पॅकेजेसच्या यादीवर वितरणाची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा ठसा असतो. वाटेत कुणी एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती फाइल नाकारतं.

डेबियनची तीन दालनं

डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल' या दालनात येतं. तिथे काही दिवस, साधारणतः दोन ते दहा, ते लोकांच्या वापरात राहतं. त्या काळात गंभीर नवी चूक निघाली नाही, आपोआप होणाऱ्या चाचण्या पास झाल्या आणि त्याच्या डिपेंडन्सीही तयार असल्या, तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगमधला सगळा संच पक्का करून 'स्टेबल' म्हणून जाहीर होतो.

त्याआधी काही महिने 'फ्रीझ' असतो. आधी मोठे बदल थांबतात, मग नवी पॅकेजेस थांबतात आणि शेवटी प्रत्येक बदलासाठी रिलीज टीमची परवानगी लागते. डेबियन १३ साठी हा काळ मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आणि रिलीज ९ ऑगस्टला झाली. 'तयार होईल तेव्हा' हे डेबियनचं जुनं धोरण आहे.

नावांमागे एक गंमत आहे. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. ही प्रथा सुरू झाली तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीत काम करत. स्टेबलचं नाव दर वेळी बदलतं. अनस्टेबलचं नाव मात्र कायम एकच, सिड. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा तो हाच.

आकडा जुना म्हणजे सॉफ्टवेअर असुरक्षित?

हा गैरसमज सर्रास आढळतो. स्टेबलमध्ये एखाद्या प्रोग्रॅमची दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती दिसली की ती धोकादायक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात सुरक्षेची चूक सापडली की मेंटेनर नव्या आवृत्तीतली फक्त ती दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. मूळ आकडा तसाच राहतो, जोडरेघेनंतरचा बदलतो. नव्या सोयी मिळत नाहीत, पण काल चालणारी गोष्ट आज अचानक बंदही पडत नाही. बँक किंवा हॉस्पिटलच्या सर्व्हरला नेमकं हेच हवं असतं.

प्रत्येक वितरणाचं वेळापत्रक निराळं. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी येते आणि एक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. उबंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते आणि दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस आवृत्तीला किमान पाच वर्षं आधार मिळतो. आर्चमध्ये ठरावीक रिलीजच नाही. तिथे पॅकेजेस अखंड वाहत येतात. ताजेपणा आणि स्थिरता यांतलं काय जास्त हवं, ही निवड वापरकर्त्याची.

एक्सझेडमध्ये नेमकं काय घडलं?

एक्सझेड हा प्रकल्प लासे कॉलिन हे जवळजवळ एकटेच सांभाळत होते, तेही मोबदल्याशिवाय, फावल्या वेळात. २०२१ च्या अखेरीपासून 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी छोट्या-छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावांनी काम संथ चालल्याच्या तक्रारी सुरू केल्या आणि दुसरा मेंटेनर नेमा असा लकडा लावला. हळूहळू जिया टॅनला रिलीज काढण्याचे अधिकार मिळाले. या नावामागे कोण होतं, हे अजून जाहीर झालेलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ आली. डाव दोन तुकड्यांत होता. विषारी भाग चाचणीसाठीच्या फाइलींमध्ये दडवून गिटमध्ये ठेवला होता. पण तो जागा करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती. गिटमधला कोड वाचणाऱ्याला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मेंटेनर मात्र पॅकेज बनवताना टारबॉल घेतात. त्यावर सही होती आणि सही खरी होती, कारण करणारा अधिकृत होता. सही फक्त फाइल कुणाकडून आली हे सांगते. त्या माणसाचा हेतू सांगत नाही.

हल्लेखोराला वितरणांची पद्धत नेमकी ठाऊक होती. हा कोड आधी तपासायचा, की आपल्यापासून डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज बनवलं जात आहे का. तसं नसेल तर तो गप्प राहायचा. शिवाय मूळ एसएसएच प्रोग्रॅमचा एक्सझेडशी काही संबंधच नाही. काही वितरणांनी सिस्टमडी या प्रणालीशी संवाद साधण्यासाठी एसएसएचला एक पॅच लावला होता, त्या वळणाने एक्सझेड तिथे पोहोचत होतं.

ही आवृत्ती लवकर घ्यावी म्हणून वितरणांकडे पाठपुरावाही सुरू होता. उबंटू २४.०४ एप्रिलच्या अखेरीस यायची होती. पाच वर्षं चालणाऱ्या आवृत्तीत हा चोरदरवाजा बसला असता, तर तो असंख्य सर्व्हरवर पोहोचला असता. उघडकीस आला तेव्हा तो डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, फेडोरा ४० च्या चाचणी आवृत्तीत आणि ओपनसुसे टंबलवीडसारख्या सतत ताज्या राहणाऱ्या वितरणांत होता. डेबियनच्या स्टेबलमध्ये नव्हता. उबंटूने बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि संशयित काळात बनलेली सगळी पॅकेजेस नव्याने बनवली.

डेबियनपुढे आणखी एक पेच होता. पॅकेज मॅनेजर आकडा वाढला तरच अपडेट करतो. ५.६.१ वरून ५.४.५ कडे उलटं जायचं कसं? त्यांनी नव्या पॅकेजचा क्रमांक ठेवला '५.६.१+रिअली५.४.५-१'. आकडा वरचा, आतला माल जुना आणि स्वच्छ.

मध्यस्थही चुकतो

वितरणांचा हस्तक्षेप नेहमी तारतोच असं नाही. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सांकेतिक लिपीच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद करण्यात आल्या. चूक शोधणारं एक साधन त्या ओळींवर इशारे देत होतं. मूळ प्रकल्पाकडे आधी विचारणाही झाली होती, पण त्या ओळींचं महत्त्व कुणाच्या नीट लक्षात आलं नाही. त्या ओळी किल्ल्यांना यादृच्छिकता पुरवत होत्या. त्या गेल्या आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्यांची संख्या जेमतेम ३२ हजारांवर आली. एवढ्या किल्ल्या कुणीही बसून करून पाहू शकतो.

मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांच्या शोधानंतर ही चूक जाहीर झाली. डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबंटूसारख्या वितरणांवर त्या काळात बनवलेल्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या. नुसतं पॅकेज अपडेट करून भागलं नाही.

मधली पायरीच वगळली तर?

प्रोग्रॅमर लोक आता बऱ्याच लायब्ररी एनपीएम किंवा पायपीआयसारख्या भांडारांतून थेट घेतात. तिथे लेखक टाकतो आणि वापरणारा लगेच उचलतो. वेग मिळतो, मधली चाळण जाते. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून टाकली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचं काम अडलं आणि एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत आणावं लागलं. वितरणाच्या साठ्यात प्रत आधीच असल्याने असा धक्का तिथे सहसा बसत नाही.

त्यानंतर काय बदललं?

मे २०२४ मध्ये लासे कॉलिन यांनी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती दिली. ओपनएसएसएचने सिस्टमडीशी बोलण्याची सोय स्वतःच्या कोडमध्ये लिहिली, म्हणजे मधल्या लायब्ररीची गरज संपली. टारबॉलऐवजी थेट गिटमधल्या टॅगवरून पॅकेज बनवावं, या आग्रहाला बळ मिळालं.

'रिप्रोड्युसिबल बिल्ड्स' ही चळवळ त्याआधीपासूनच सुरू आहे. एकाच सोर्सपासून कुणीही, कुठेही पॅकेज बनवलं तरी निकाल अक्षरशः तोच यायला हवा, हा तिचा आग्रह. त्यामुळे पॅकेज बनवणाऱ्या मशीनवर झालेली गडबड पकडता येते. पण सोर्सच्या गाठोड्यातच विष असेल, जसं एक्सझेडमध्ये होतं, तर हे तंत्र एकटं पुरत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न तांत्रिक नाही. लाखो सर्व्हरचा भार वाहणारा प्रकल्प एका थकलेल्या स्वयंसेवकावर उभा असेल, तर त्याला मदत कोण करणार? एक्सझेडमध्ये मदतीचा हात पुढे करणारा नेमका हल्लेखोरच निघाला.

वापरकर्त्याने काय लक्षात ठेवावं?

- सॉफ्टवेअर शक्यतो वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावं. वेबसाइटवर दिसलेली आज्ञा न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवू नये.
- सहीबद्दलचा इशारा आला तर तो बंद करून पुढे जाऊ नये. आधी कारण शोधावं.
- रोजच्या कामाच्या मशीनवर स्टेबल किंवा एलटीएस आवृत्ती ठेवावी आणि सुरक्षेच्या अपडेट्स टाळू नयेत.
- आपल्या आवृत्तीचा आधार कधी संपतो ती तारीख माहीत असावी. त्यानंतर बॅकपोर्टही येत नाहीत.
- काही विचित्र वाटलं, अगदी अर्ध्या सेकंदाचा उशीर असला तरी, तक्रार नोंदवावी. खुल्या कोडचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा कुणीतरी तो खरोखर उघडून पाहतं.